वहीतली विहीर

तासगाव, जि. सांगली

प्रिय पोरी,

दिव्यांग मुलांच्या विशेष शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत का घेऊ नयेत, असं तू विचारलंस. तुझ्या वयात मीही हेच म्हणायचे. हट्टानं.

त्या हट्टापायी एका पोराची दोन वर्षं गेली. त्याला ऐकू येत नव्हतं. आई कर्णबधिरांच्या निवासी शाळेत घालायला तयार होती, मीच थांबवलं. गावच्या शाळेत तो फळ्यावरचं सगळं उतरवायचा. अक्षर मोत्यासारखं, पानोपानी लाल शाईत ‘छान’. एकदा मी वहीतल्या ‘विहीर’ या शब्दावर बोट ठेवून खुणेनं विचारलं, कुठंय? विहीर शाळेच्या मागंच. तो हसला आणि तोच शब्द पुन्हा सुरेख लिहून दाखवला. पुढं निवासी शाळेत गेला, तिथल्या पोरांत खुणांच्या भाषेत हात चालायला लागले. दिवाळीला घरी आला तर हातवारे करून आजीशी भांडत होता. आजीला ओ की ठो कळत नव्हतं, पण भांडतोय एवढं कळून ती खूश!

दुसरी एक मुलगी. नजर अधू, वर्गानं ‘ढ’ ठरवलेली. द्राक्षाचं रिकामं क्रेट उलटं घालून त्यावर तिरकी फळी टेकवली, वहीत जाड काळ्या रेघा मारल्या, पुढं खिडकीशी बसवलं. दिवाळीनंतर ती शेजारणीच्या चुका काढायला लागली. तिला गावाबाहेर धाडायची गरजच नव्हती.

तेव्हा एकत्र करा, पण विशेष शिक्षकासकट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, हवी ती निवडायची मुभा दिलीय. विशेष शाळांना कुलूप लावलं तर निवडायचं काय? सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. मी फिरती शिक्षिका होते तेव्हा मंगळवारी एका गावात, बुधवारी दुसऱ्या. त्यात एसटी चुकली तर तोही वार गेला. एकीकरणाच्या नावाखाली शिक्षकांची पदं कापायचा हिशेब कुणी मांडला, तर तिथं भांड.

सरावपाठाला आलीस की पहिल्या दिवशी टाचण बाजूला ठेव. वर्गातलं दिव्यांग मूल खिचडीला कुणाशेजारी बसतं, तेवढं बघ आणि मला कळव.

तुझ्या बाई