शेतकरी आत्महत्येवर लेख लिहिताना काय पाळावं?

पद्धत, विषाचं नाव, जागा आणि चिठ्ठीतला मजकूर पूर्ण वगळा. असे तपशील वाचून आधीच खचलेला माणूस तोच मार्ग धरू शकतो. ‘कर्जामुळे’ असं एकच कारण ठोकून देऊ नका. कर्ज बँकेचं की सावकाराचं, पीकविमा मिळाला का, कापूस काय भावाने गेला, हे विचारा. लेखाला वजन इथूनच येतं.

आकड्यांत हमखास घोळ होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजतो. महसूल खातं मदतीसाठी प्रकरणं ‘पात्र’, ‘अपात्र’ ठरवतं. हे आकडे एकमेकांत मिसळू नका.

पत्नीचा रडतानाचा फोटो नकोच. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं का, ते लिहा. लेखाखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या.