पारा सरासरीइतकाच, मग आमची झोप का उडाली?

गेल्या अंकात शहराचा मासिक हवामान-अहवाल कसा वाचावा यावर मी अर्धं पान लिहिलं, आणि पत्रं आली ती निम्म्याहून जास्त रागावलेली. राग माझ्यावर नाही, ‘सरासरी’ या शब्दावर आहे. वेधशाळेत निरीक्षक म्हणून मी एकतीस वर्षं काढली, तेव्हा हा राग मला नवा नाही. फोन उचलला की पलीकडून पहिलं वाक्य हेच असायचं : ‘तुमचा आकडा काहीही सांगो...’ जागेपुरती पाच पत्रं निवडली आहेत.

*प्रश्न : आमच्या शहराच्या गेल्या महिन्याच्या अहवालात ‘सरासरी तापमान सामान्यापेक्षा ०.१ अंश जास्त’ असं छापलंय. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना! आमच्या घरात मात्र महिनाभर रात्री कुणी धड झोपलेलं नाही. चुकतंय कोण, आम्ही की तापमापक?*

दोघंही नाही. ‘सामान्य’ म्हणजे त्या महिन्याची तीस वर्षांची सरासरी. आता ०.१ हा आकडा आला कसा ते बघा. बहुतेक ठिकाणी दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मं करतात, ती त्या दिवसाची सरासरी. महिन्यातल्या सगळ्या दिवसांची अशी सरासरी काढली की मासिक आकडा मिळतो. आता समजा महिनाभर आभाळ भरलेलं होतं. ढगांनी दिवसा ऊन अडवलं, म्हणून कमाल तापमान सामान्यापेक्षा १.४ अंश कमी राहिलं. त्याच ढगांनी रात्री जमिनीची उष्णता वर निसटू दिली नाही, म्हणून किमान १.६ अंश जास्त राहिलं. उणे १.४ आणि अधिक १.६, बेरीज ०.२, तिची निम्मी ०.१. झाला तुमचा अहवाल तयार! दिवसाच्या गारव्याने रात्रीची तलखी खोडून टाकली, पण ती फक्त कागदावर. झोपायची वेळ रात्रीचीच असल्यामुळे दुपारच्या गारव्याचा तुम्हाला काय उपयोग?

त्यात तुम्ही शहरात राहता. दिवसभर तापलेल्या भिंती आणि रस्ते रात्री उष्णता परत देत बसतात. ही काही हल्लीची गोष्ट नाही. ढगांना आज आपण ज्या नावांनी ओळखतो त्यांतली मूळ नावं देणारा ल्यूक हॉवर्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन शहर आणि बाहेरचा ग्रामीण भाग यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. रात्री शहर सुमारे २ अंश सेल्सिअसने गरम आणि दिवसा किंचित थंडच, असं त्याला आढळलं. तेव्हा शहरात ना डांबर होतं, ना वातानुकूलन यंत्रं.

आणखी एक. घाम वाळला की अंग गार होतं, आणि हवा दमट असली की तो वाळत नाही. साधा तापमापक हे सांगत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी ओल्या मलमलीची टोपी घातलेला दुसरा तापमापक टांगलेला असतो. त्याच्या नोंदींवरून आर्द्रता काढतात आणि ती अहवालात वेगळ्या रकान्यात जाते. त्या रकान्याकडे सहसा कुणी बघत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यात तीन आकडे शोधा : कमाल तापमानाचा फरक, किमान तापमानाचा फरक आणि आर्द्रता. एकत्रित सरासरी सगळ्यात शेवटी वाचलीत तरी चालेल.

*प्रश्न : मी भूगोल शिकवते. दोन शहरांचे आकडे फळ्यावर लिहिले. एकात महिना सामान्यापेक्षा १.२ अंशांनी गरम, दुसऱ्यात ३ अंशांनी. ‘दुसऱ्या शहरात जास्त विपरीत घडलं’ असं मुलांनी एकमुखाने सांगितलं. मी हो म्हणाले, पण मनाला पटलं नाही.*

बाई, तुमचं मन बरोबर होतं. सामान्यापेक्षा किती फरक पडला, हा अर्धाच प्रश्न आहे. तिथलं तापमान त्या महिन्यात एरवी किती इकडेतिकडे होतं, हा उरलेला अर्धा. विषुववृत्ताजवळचं सिंगापूर घ्या. तिथे वर्षातला सगळ्यात उबदार आणि सगळ्यात गार महिना यांच्या सरासरीतच जेमतेम दोन अंशांचं अंतर. अशा ठिकाणी एखादा महिना १.२ अंशांनी चढला तर जुन्या नोंदवह्या काढून बघाव्या लागतील. उलट मॉस्कोचा जानेवारी बघा. २०१० साली त्याची सरासरी उणे १४ अंशांच्या आसपास होती, २०२० साली शून्याच्या आसपास. जिथे एकाच महिन्यात दहा वर्षांच्या अंतराने १४ अंशांची उडी पडते, तिथे ३ अंशांच्या फरकाची कोण दखल घेणार?

माझं सगळं म्हणणं खरं तर याच एका गोष्टीवर येऊन थांबतं. सरासरी ही मोजपट्टीवरची एक रेघ आहे. प्रत्येक महिना त्या रेघेवर येऊन उभा राहील असा शब्द हवेने कुणाला दिलेला नाही. माझ्या एकतीस वर्षांत कमाल, किमान आणि पाऊस तिन्ही बरोबर रेघेवर असलेला महिना मी एकदाही लिहिला नाही. फळ्यावर आणखी एक रकाना आखा : गेल्या तीस वर्षांत त्याच महिन्यातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा. मुलं मग आपणहून वेगळं उत्तर देतील.

*प्रश्न : ‘पाऊस सरासरीच्या ११८ टक्के’ असं वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे तो आला मोजून चार दिवस, बाकीचा महिना धूळ.*

तापमानाची काढतात सरासरी, पावसाची करतात बेरीज, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. महिन्यातला एखादा दिवस ९ अंशांनी जास्त तापला तरी मासिक सरासरी जेमतेम ०.३ने हलते, बाकीचे एकोणतीस दिवस तिला धरून ठेवतात. पावसाला असं धरून ठेवणारं कुणी नाही. एकच रात्र अख्ख्या महिन्याचा कोटा भरून जाते.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण २६ जुलै २००५चं. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथला अख्ख्या जुलैचा सरासरी पाऊसही याहून कमी असतो. त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात किती? ७३ मिलिमीटर. आता त्या दिवशी ‘शहरात’ किती पाऊस झाला ते सांगा बघू! एका पर्जन्यमापकाचं तोंड जेवणाच्या ताटाहून लहान असतं. तुमच्या भागातली धूळ आणि केंद्रावरचा ११८ टक्के पाऊस, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

जाता जाता, तारखेचाही एक घोळ असतो. भारतात पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचं पाणी मोजणीच्या दिवसाच्या नावावर टाकतात. म्हणून त्या २६ तारखेचा प्रलय वहीत २७ जुलैला सापडतो. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस याच न्यायाने पुढच्या महिन्यात जाऊन बसतो. त्यावरून माझ्याशी भांडलेले लोक अजून आठवतात.

तुम्ही बघायचा रकाना ‘पावसाळी दिवस’. भारतीय हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो दिवस यात धरतो. एकूण पाऊस ११८ टक्के आणि पावसाळी दिवस नेहमीच्या निम्मे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की तुमचा महिना जसा गेला तसा दिसेल. शब्दांचंही जपून घ्या. याच विभागाच्या वर्गवारीत उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांपर्यंतचा पाऊस ‘सामान्य’च असतो. तेव्हा तुमचा ११८ टक्क्यांचा महिना सरकारी भाषेत अगदी साधासुधा ठरतो. रडावं असं त्यात काही नाही, हसावं असंही नाही.

याच विषयावरच्या आणखी एका पत्रात कोरड्या महिन्यातल्या ‘३०० टक्के जादा’ पावसाने घाबरून जाऊन काय करू असं विचारलंय. काही करू नका. सरासरी २ मिलिमीटर असेल तर ३०० टक्के जादा म्हणजे ८ मिलिमीटर. अंगण ओलं होतं, इतकंच. शिवाय अशा महिन्यांत नऊ वर्षं थेंब नाही आणि दहाव्या वर्षी २० मिलिमीटर, यावरूनही सरासरी २च निघते. म्हणजे दहातली नऊ वर्षं ‘सरासरीपेक्षा कमी’! तिथे सरासरीऐवजी मध्यक मागावा, म्हणजे सगळी वर्षं चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा.

*प्रश्न : सामान्य काढायला तीसच वर्षं का? आणि दर काही वर्षांनी हे ‘सामान्य’ बदलतं असं ऐकलं. मोजपट्टीच ताणली तर मोजायचं कशाने?*

तीस या आकड्यात जादू नाही. दहा वर्षं घेतली तर दोन-तीन विचित्र वर्षं सगळं बिघडवतात. शंभर घेतली तर पणजोबांच्या काळचं हवामान आजच्या गळ्यात पडतं. तीस हा व्यवहारी तोडगा. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३५ साली तो ठरला आणि १९०१ ते १९३० हा पहिला प्रमाण कालखंड झाला. आधी तीस वर्षं संपेपर्यंत थांबत. २०१५ साली जागतिक हवामान संघटनेने दर दहा वर्षांनी कालखंड पुढे सरकवायचं ठरवलं. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड चालतो.

तुमची शंका मात्र रास्त आहे. पट्टी सरकते, आणि जग तापत असल्यामुळे ती वरच सरकते. मागच्या, १९८१ ते २०१०च्या पट्टीवर जो महिना ‘अर्ध्या अंशाने गरम’ ठरला असता, तोच नव्या पट्टीवर ‘सामान्य’ ठरू शकतो. हवा तीच आणि पाराही तोच, बदललं फक्त विशेषण. म्हणूनच तापमानवाढीचा दीर्घ हिशोब करायला १९६१ ते १९९० हा जुना कालखंड मुद्दाम राखून ठेवला आहे. नव्या पट्टीचा उपयोग ‘या जुलैत काय अपेक्षा ठेवू’ एवढ्यापुरता. दोन अहवालांची तुलना करण्याआधी तळटीपेत कालखंड कुठला आहे ते वाचा. तळटीप नसेल तर तो अहवाल बाजूला ठेवा. माझा हा हट्ट समजा.

*प्रश्न : मी नववीत आहे. प्रकल्पासाठी गॅलरीत तापमापक लावलाय. तो वेधशाळेपेक्षा रोज चार-पाच अंश जास्त दाखवतो. मी वेधशाळेची चूक पकडली का? आणि घरी पाऊस मोजता येईल का?*

चूक पकडलीस, पण तुझ्या भिंतीची! वेधशाळेचा तापमापक उघड्या जागेवर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो. वारा आत जातो, ऊन जात नाही. उत्तर गोलार्धात पेटीचं दारसुद्धा उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे उघडताना ऊन आत शिरू नये. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याने तयार केली. गॅलरीतला तुझा तापमापक भिंतीची ऊब मोजतोय. सावलीतली, वारा खेळणारी जागा शोध आणि फरक किती उतरतो ते लिही. तोच छान प्रकल्प होईल.

तरी वेधशाळा चुकतच नाहीत असं मी म्हणणार नाही. किमान तापमापकातल्या स्पिरिटमध्ये किमान तापमान दाखवणारी एक बारीक काडी असते, आणि वाचायचं असतं तिचं तापमापकाच्या फुग्यापासून लांबचं टोक. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी जवळचं टोक वाचून मोकळी झाले. वरिष्ठांनी मला वहीसकट पेटीपाशी परत नेलं आणि काही न बोलता काडीकडे बोट दाखवलं. ती लाज पुढे एकतीस वर्षं कामाला आली. या बाबतीत मी एकटी नाही, हे फार उशिरा कळलं. लिबियातल्या अल अझीझियाची १३ सप्टेंबर १९२२ची ५८ अंशांची नोंद नव्वद वर्षं जगातलं सर्वोच्च तापमान म्हणून पुस्तकांत होती. २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने ती रद्द केली. नवख्या निरीक्षकाने काडीचं चुकीचं टोक वाचल्याची दाट शक्यता तपासात निघाली, चूक सुमारे सात अंशांची!

पाऊस घरी नक्की मोज. उभ्या सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा घे. तोंड लहान की मोठं याने फरक पडत नाही, कारण साचलेल्या पाण्याची उंचीच मोजायची. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर डबा ठेव. रोज सकाळी एकाच वेळी पट्टी बुडव, आकडा लिही, पाणी ओतून दे. आणि पाऊस नसेल त्या दिवशी आठवणीने ‘०’ लिही, जागा कोरी सोडू नकोस. कोरी जागा म्हणजे पाऊस पडला नाही, की तू त्या दिवशी मामाकडे गेली होतीस, हे पुढे वही उघडणाऱ्याला कसं कळणार?