संकटात देव सोबत आहे यावर विश्वास कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, घरात आजारपण आहे, रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नाही. रोज प्रार्थना करता, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटतच नाही. मग देव सोबत आहे हे मानायचं तरी कशाच्या जोरावर?

जाणवण्याच्या जोरावर तर नकोच. माणूस थकून गेला की त्याला गाणं गोड लागत नाही, पोरांची बडबडही नकोशी होते. तिथे देव तेवढा ठळकपणे जाणवावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये छापून आली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. मधला थोडा काळ सोडला तर जवळपास पन्नास वर्षं त्यांना आतून देव जाणवत नव्हता. काही जण लगेच ‘ढोंग’ म्हणून मोकळे झाले. मला मात्र त्या बाईंबद्दलचा आदर तेव्हा वाढला. काहीही जाणवत नसताना रोज उठून कामाला लागणं सोपं नसतं.

आई अतिदक्षता विभागात होती तेव्हा मी बाहेरच्या बाकावर नामस्मरण करत बसायचे. दोन मिनिटांत नाम सुटायचं आणि डोक्यात हिशेब सुरू व्हायचा: डिपॉझिट, औषधं, कुणाकडे अजून उसने मागता येतील. दार ढकलून नर्स बाहेर आली की पोटात गोळा. त्या दिवसांत माझी सगळी प्रार्थना म्हणजे ‘अरे, बघतोयस ना?’ एवढीच, आणि तीही चिडून. मन शांत वगैरे अजिबात झालं नाही. पण चिडायला तरी समोर कुणीतरी आहे असं धरावं लागतंच ना? ज्याच्यावरचा विश्वास पार उडाला, त्याच्याशी आपण भांडतही नाही, त्याचं नाव टाकतो.

आपल्या संतांना हे पक्कं ठाऊक होतं. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. त्यांच्या अभंगांत शरणागती आहे तशी देवाची उलटतपासणीही आहे. जनाबाई तर विठ्ठलाला सरळ शिव्या घालते. त्यांना कुणी नास्तिक म्हटलं नाही.

तेव्हा ‘देव परीक्षा बघतोय’, ‘मागच्या जन्मीचं असेल’ असं कुणी सांगायला आलं तर फार मनावर घेऊ नका. बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. त्याचं सगळं गेल्यावर मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसतात. तिथवर ठीक होतं. मग त्यांना तोंड फुटतं, आणि तुझंच काही पाप असणार म्हणून ते त्याला पटवत बसतात. शेवटी देव चिडतो तो या मित्रांवर; माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, असं म्हणतो. आणि ईयोब तर पूर्ण वेळ तक्रारच करत होता!

‘देव डॉक्टरच्या रूपात येतो’ हेही मला पुरतं पटत नाही. ज्यांना डॉक्टरच मिळाला नाही त्यांचं काय, याला माझ्यापाशी उत्तर नाही.

सध्या मोठी स्तोत्रं, संकल्प, नवस यांच्या मागे लागू नका. हे झालं तर ते करीन, असा सौदा केला की रोज निकालाची वाट बघणं सुरू होतं. त्यापेक्षा झोपण्याआधी जे खरं आहे ते दोन वाक्यांत सांगा, राग असेल तर रागासकट. झोपेचं मात्र देवावर सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.