स्वतःहून चालणारी शिडाची होडी बनवायची आहे. आधी सॉफ्टवेअर लिहावं की होडी बांधावी?

टीममध्ये बहुतेक कोडिंगवालेच आहेत म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडलाय. मी अशा टीममध्ये होतो, माझं उत्तर: आधी होडी. तीही बांधत बसू नका. रिमोटवर चालणारी मीटरभर लांबीची तयार होडी घ्या आणि कोडिंगवाल्यांनाच ती हाताने चालवायला लावा.

वाटेचं गणित तसं छोटं आहे. वारा जिकडून येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांपर्यंत होडी जाऊच शकत नाही. मुक्काम त्या पट्ट्यात असेल तर नागमोडी जायचं, नसेल तर सरळ. फक्त मूळ रेषेपासून ठरावीक अंतर गेल्याशिवाय बाजू बदलायची नाही, असा नियम घाला. नाहीतर वारा जरा हलला की होडी नुसती वळत बसते. वळताना वेग कमी पडला तर तोंड वाऱ्यात अडकतं आणि शीड फडफडत राहतं. हे हाताने चालवलेल्यालाच आधी सुचतं.

खरा घोळ सुकाणूपाशी असतो. प्रत्येक लाटेने होडीचं तोंड हलतं, सर्वो (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) ते सरळ करत राहतो आणि बॅटरी खातो. चार-पाच अंशांचा फरक सरळ सोडून द्या. शिडाला वर्म गिअरची (शिडाच्या ओढीने उलटी न फिरणारी) मोटर लावा, म्हणजे ते धरून ठेवायला वीज लागत नाही. सुकाणूचा दांडा ज्या नळीतून येतो ती पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन संपवा. पाणी अडवणाऱ्या सीलवर भिस्त ठेवू नका.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'एडा' ही साडेपाच मीटरची होडी 2016 मध्ये अटलांटिक ओलांडायला निघाली. सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि ती वर्षभराहून जास्त काळ भरकटत राहिली. शेवटी एका संशोधन जहाजाला सापडली. स्वतःहून चालणाऱ्या होड्यांनी अटलांटिक ओलांडण्याच्या मायक्रोट्रान्सॅट या आव्हानात 2010 पासून होड्या निघत होत्या, पण पहिली पार झाली ती 2018 मध्ये: नॉर्वेची, जेमतेम 2 मीटरची, दिसायला अगदी साधी.

आणखी एक. रिमोटने ताबा परत घेणारं सर्किट मुख्य कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवा, म्हणजे कोड अडकला तरी होडी हातात राहील. चाचणीला वल्ह्यांची होडी सोबत न्या. वारा पडला की कोणाला तरी जाऊन शिडाच्या होडीला ओढून आणावंच लागतं.