आमचं म्हणणं दिल्लीपर्यंत कोण पोचवतं?

प्रश्न: सर, मी परभणीची, बहाई होऊन फार दिवस नाही झाले. आमच्याकडं पाच-सहा घरं हायत. दर एकोणीस दिवसाला फीस्टला, म्हंजी आमच्या बैठकीला, बसतो, प्रार्थना होते, मग दिल्लीहून आलेलं पत्र वाचतात, कधी हिंदीत कधी इंग्रजीत, मग विचारतात कुणाला काही सुचवायचंय का, तर आम्ही बायका गप. पुण्या-मुंबईचं कुणी आलं की तेच बोलायलेत आन आम्ही माना हलवायलोत. राष्ट्रीय सभेत नऊ जण असतात म्हणे, तिथं आमच्यासारखीला कोण विचारतंय? आन मालक बहाई नाहीत, त्यांना फीस्टला आणावं का, हे बी कळना.
— एक वाचक ताई, परभणी

उत्तर: ताई, बरं झालं विचारलंत, कारण हे मनात असणारे लई आहेत, विचारत कुणी नाही.

आधी बाकीच्या वाचकांना थोडक्यात सांगतो. १८४४ साली इराणात बाब यांनी सुरुवात केली आणि पुढं बहाउल्लाह (१८१७-१८९२) यांनी हा बहाई धर्म उभा केला. यात पुजारी, मौलवी, महाराज असं कुणीच नाही. सगळा कारभार निवडून आलेल्या नऊ जणांच्या सभा बघतात, गावाची स्थानीय आध्यात्मिक सभा आणि देशाची राष्ट्रीय आध्यात्मिक सभा. आपल्याकडची राष्ट्रीय सभा १९२३ पासूनची, तेव्हा भारत आणि ब्रह्मदेश मिळून एकच होती. दिल्लीचं कमळ मंदिर बघायला आपल्याकडची निम्मी माणसं जाऊन आलीत, फोटो काढलेत, पण ते बहाईंचं आहे हे कुणाला ठाऊक नसतं, विचारलं तर डोकं खाजवतात, असो.

आता तुमचं. राष्ट्रीय सभेची निवडणूक म्हणजे आपली झेडपी नव्हे. उमेदवार नाही, फॉर्म भरणं नाही, प्रचार नाही, कुणाला मत द्यायचं याची कुजबुजसुद्धा चालत नाही. तुम्ही तुमच्या युनिटच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या बहाईंच्या, अधिवेशनात प्रतिनिधी निवडायचा, गुप्त मतदानानं, तो किंवा ती राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन नऊ नावं लिहिणार, आणि ती नावं देशभरातल्या कुठल्याही पात्र प्रौढ बहाईची असू शकतात, बाई असो की बाप्या, परभणीची असो की पणजीची. कागदावर बघितलं तर तुमचं नाव तिथं यायला कसलीच आडकाठी नाही. पण खरं बोलायचं तर प्रतिनिधी ज्याला ओळखतो त्याचंच नाव लिहिणार ना? जी बाई फीस्टमध्ये तोंडच उघडत नाही तिला कोण ओळखणार? म्हणून माझं म्हणणं, दिल्लीचा रस्ता तुमच्याच सतरंजीवरून जातो.

फीस्टचे तीन भाग असतात, प्रार्थना, परामर्श (म्हणजे आपसातली चर्चा आणि सूचना) आणि चहापाणी. मधला भाग लोक उरकून टाकतात, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथंच होतो. परामर्शात जे सुचवलं जातं ते स्थानीय सभेकडं जातं, तिथून गरज असेल तर राष्ट्रीय सभेकडं. गावात नऊ प्रौढ बहाई नसतील तर स्थानीय सभा बनत नाही, छोटा गट असतो, पण त्या गटाचंही म्हणणं वर पाठवता येतं. तेव्हा पुढच्या वेळी पत्र हिंदीत वाचलं की सरळ म्हणा, “भाऊ, जरा मराठीत सांगा, मग बोलू.” यात उद्धटपणा काहीच नाही. मराठीत प्रार्थना छापलेल्या आहेत, एक तुम्ही वाचा, एक शेजारच्या काकूंना द्या. मी एका फीस्टला बघितलंय, सगळी सुशिक्षित मंडळी मोबाईलवर इंग्रजी वाचायलीत आणि घरची आजी दाराशी पोह्याचं ताट धरून उभी, आत यावं का नाही तिला समजना. कुणीतरी तिला बसवून झेरॉक्सचा कागद हातात दिला, तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं, चुका केल्या, आणि मग परामर्शाला पहिली सूचना तिचीच आली, मुलांचा वर्ग संध्याकाळी नको, तेव्हा लाईट जाते. इतकी कामाची सूचना त्या दिवशी दुसऱ्या कुणाची नव्हती.

एक नियम मुद्दाम सांगतो, लोकांना माहीत नसतो. निवडणुकीत शेवटच्या जागेसाठी दोघांना सारखी मतं पडली आणि त्यातला एक जण अल्पसंख्य समाजातला असेल, तर चिठ्ठ्या टाकत बसायचं नाही, जागा त्यालाच. अल्पसंख्य कोण हे स्पष्ट नसेल तर पुन्हा मतदान. मात्र एक गोष्ट झाकून ठेवत नाही, इस्रायलमधल्या हैफाचं विश्व न्याय मंदिर, म्हणजे जगभरातल्या बहाईंची सगळ्यात वरची सभा, जे १९६३ पासून दर पाच वर्षांनी निवडलं जातं, त्यात फक्त पुरुष असतात. हे मला विचारणाऱ्या मुली असतात आणि त्यांचं विचारणं रास्तच आहे. स्थानीय आणि राष्ट्रीय सभेत तसं बंधन नाही.

आणि हे शहरी, इंग्रजीवाल्यांचं आहे असं वाटून घेऊ नका. १९६१ नंतर माळव्यात, शाजापूरच्या बाजूला, खेड्यातले शेतकरी आणि दलित हजारोंनी बहाई झाले, भजनं म्हणत. नंतर मात्र त्या गावांत जाऊन बसणारी माणसं कमी पडली असं मला वाटतं, आणि तीच चूक आपल्याकडं व्हायची नसेल तर परभणीतल्या पाच घरांचं नीट चालायला हवं, दिल्लीत कोण बसलंय ते नंतर बघू.

मालकांचं म्हणाल तर फीस्ट मुळात बहाईंसाठी असते, पण आलेल्या पाहुण्याला दारातून परत पाठवत नाहीत, त्यांच्यासमोर परामर्श थोडा आवरता घेतात एवढंच. त्यांना अवघडल्यासारखं होत असेल तर आधी प्रार्थना सभेला घेऊन या, ती सगळ्यांसाठी खुली असते, मुलांचा वर्गही तसाच, त्यासाठी घरात कुणी बहाई असावंच लागतं असं नाही. आणि वर्गणीचं त्यांना आधीच सांगून टाका, बहाई नसलेल्याकडून धर्माच्या कामाला पैसा घेतच नाहीत, म्हणजे निदान त्या बाजूनं तरी ते निवांत बसतील.