सोलापुरात संस्थेच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावायचा आहे, तिकीट किती ठेवावं?

पाचशेच्या वर नेऊ नका. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, आणि त्यापुढचं तिकीट आपल्याकडे दारोदार फिरून खपत नाही. पुढच्या ओळी ५००, मधल्या ३००, बाल्कनी २००. झालं उत्तर. पण तिकिटातून निधी उभा राहतो असं तुम्हाला ज्याने सांगितलं, त्याने प्रयोगाचा हिशोब कधी लिहिलेला नाही. मी एका संस्थेचा खजिनदार होतो, मी लिहिलाय.

खर्च असा होता. प्रयोगाचं ठोक मानधन १,६०,०००. मंडळींचा प्रवास, मुक्काम, जेवण ३०,०००. नाट्यगृहाचं भाडं आणि वीज २२,०००. बॅनर, तिकीट छपाई, रिक्षा फिरवणं १८,०००. सत्काराच्या शाली, हार, सन्मानचिन्हं १४,०००. एकूण २,४४,०००. खुर्च्या ७८०. त्यातली ५०० ची १२० तिकिटं गेली, ३०० ची १६०, २०० ची १००, म्हणजे १,२८,०००. स्मरणिकेच्या जाहिराती कबूल झाल्या १,३५,००० च्या, हातात आले ९६,०००, त्यातून छपाईचे ३४,००० वजा. जमा १,९०,०००. संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगात संस्थेनेच ५४,००० घातले.

आता खुर्च्या मोजा. विकलेल्या ३८०, रिकाम्या ९०. उरलेल्या ३१० वर फुकट पासवाले. त्या सरासरी ३३५ ला जरी गेल्या असत्या तरी लाखाच्या वर आले असते आणि तोट्याच्या जागी पन्नासेक हजार शिल्लक दिसली असती. आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं म्हणणं, ‘पासने माणसं जोडली जातात.’ मी दारात फाडून घेतलेले पासांचे तुकडे जपून ठेवले आणि वर्षभराच्या पावत्यांशी ताडून पाहिले. ३१० पैकी देणगीची पावती फाडली ती सात जणांनी. शिवाय पासचा दुसरा तोटा कोणी सांगत नाही: वीस जणांच्या कार्यालयात दोघांना पास मिळाले की उरलेले अठरा जण तिकीट घेत नाहीत, पासची वाट बघतात.

तेव्हा क्रम उलटा लावा. आधी दोन-तीन प्रायोजकांकडून मानधनाइतकी रक्कम धनादेशाने खात्यात घ्या, मगच नाटकवाल्यांना तारखेचा विसार द्या. प्रायोजक तयार होईना तर प्रयोग करू नका. कंपन्यांकडे जाणार असाल तर सीएसआरमधून, म्हणजे त्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून, कार्यक्रमासाठी पैसे मागू नका. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाचं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत. संस्थेच्या प्रकल्पासाठी मागा, आणि हा निधी घ्यायला लागणारी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आधी करून ठेवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले रोख देताना हात आखडतात, माल मात्र मोकळेपणाने देतात. तो घ्या. टॉवेल-टोपीचा सत्कार आपल्याकडे शालीपेक्षा कमी नाही, आणि १४,००० वाचतात.

स्मरणिकेत एकच नियम: मजकूर आणि पैसे एकत्र आले तरच पान. ‘छापा हो, बिल पाठवा’ म्हणणाऱ्याचं पान छापलं की छपाई तुमच्या अंगावर. आमचे ३९,००० तिथेच बुडाले.

तिकिटं वीस-वीसच्या पुस्तकांत बांधा, दर रविवारी हिशोब घ्या, न विकलेली प्रयोगाच्या आठ दिवस आधी परत घ्या. नाहीतर शेवटच्या संध्याकाळी कार्यकर्ता कोरं पुस्तक आणून देतो आणि दारात गिऱ्हाईक परत जातं. स्थळप्रतीवर नाव आणि मोबाइल नंबर लिहून घ्या. पुढच्या वर्षीचे देणगीदार त्या यादीत आहेत. शहराच्या तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात विकायची तर तेलुगू बोलणारा कार्यकर्ता पाठवा, नुसतं मराठी पत्रक टाकून येऊ नका.

तिकिटावर ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती देऊ नका. त्याने पैसे देऊन नाटक बघितलं, ती देणगी नव्हे. जाहिरातीचंही तेच. खरी देणगी वेगळ्या पावतीपुस्तकात घ्या, त्यात पॅन आणि पत्त्याचा रकाना ठेवा, कारण ३१ मेपर्यंत १०बीडी, म्हणजे देणग्यांचं आयकर खात्याला द्यायचं विवरण, भरताना तो लागतोच. रोखीत २,००० च्या वर सवलत मिळत नाही, हे घेतानाच सांगा. आणि ज्याने नवी करप्रणाली घेतलीय त्याला ८०जीचा काही उपयोग नाही, त्यामुळे ‘करात सूट’ हे आमिष आता पूर्वीसारखं चालत नाही.

तारीख: जानेवारीच्या मध्यावर नको, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सोडून सोलापूरकर नाट्यगृहात येत नाही. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, एप्रिल-मे ऊन. आषाढीला निम्मा जिल्हा पंढरपूरकडे. गणपतीच्या आसपास व्यापारी वर्गणी देऊन दमलेला असतो. दिवाळीनंतर ते डिसेंबरअखेर, शनिवारची रात्र. पडदा साडेआठला उघडा आणि भाषणं दहा मिनिटांत उरका.

एक सांगायचं राहिलं. हा सगळा हिशोब बाहेरून आणलेल्या ठोक प्रयोगाचा आहे. स्थानिक हौशी मंडळी फुकट करणार असतील तर मानधनाचा आकडाच जातो, मग तिकिटावरही शिल्लक राहील. आणि पास पूर्ण बंद करा असंही मी म्हणत नाही. पत्रकार, प्रायोजक, परवानगीच्या कामातली माणसं मिळून तीस पुरतात. प्रत्येक पासवर नंबर आणि देणाऱ्या विश्वस्ताचं नाव छापा. तीसच्या वर ज्याला हवा त्याने ३०० रुपये भरून तिकीट काढावं आणि हौसेने वाटावं. अध्यक्षांनीसुद्धा.