हार्ड डिस्क नंतर, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, सोबत पाच एकर कापूस-तूर. लग्नांचं शूटिंग साठवायला चार खणांचा नॅस (अनेक हार्ड डिस्क बसणारी साठवणपेटी) घेतला होता. त्यातल्या ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे दोन्हींवर तेच साठतं, त्या भरल्या. दुकानदार म्हणतो, ८ टीबीच्या आणखी दोन टाका, २४ टीबी होतील. किंमत ४८,००० रुपये, बारा बिनव्याजी हप्ते. हप्त्याने घेऊ की रोखीने? कापसाच्या चुकाऱ्यातले १ लाख ३० हजार खात्यात आहेत. पीक कर्ज १ लाख ६० हजार आहे, पण माफी येणार म्हणून ३१ मार्चला भरणार नाही. बँकेच्या साहेबांनी वर्षाला ६०,००० रुपयांची, एफडीसारखीच एक पॉलिसी करून दिली. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दामदुप्पट. तिचा बॉन्ड गेल्या आठवड्यात आला. पुढे गिऱ्हाइकांकडून डेटा ठेवायचे महिन्याला ३०० रुपये घ्यायचा विचार आहे.

उत्तर : भाऊ, डिस्कचं शेवटी पाहू. घाई त्या बॉन्डची आहे.

तो बॉन्ड म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी, आणि अशी पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत असं लिहून, परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. पॉलिसी आधी मेलवर आली असेल तर दिवस मेलच्या तारखेपासून मोजा. साहेब म्हणतील, "तीन वर्षं तर भरावीच लागतात." वाद घालू नका. विमा कंपनीच्या नावाने अर्ज द्या, पोच घ्या आणि तोच अर्ज कंपनीला मेलही करा.

एफडीत पैसे एकदाच ठेवायचे असतात, दहा वर्षं भरत बसायचे नसतात. तुमचे ६ लाख जाणार, १२ लाख येणार. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं तिथे राहतो. ७२ला साडेपंधराने भागा : वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. हेच हप्ते पोस्टात पीपीएफला भरले आणि ७.१ टक्के दर टिकला, तर विसाव्या वर्षी पावणेअठरा लाखांच्या आसपास होतात. दामदुप्पट ऐकायला गोड, पण किती वर्षांत ते विचारायचं असतं. घरच्यांसाठी विमा हवा असेल तर साधा मुदत विमा घ्या, हप्ता याच्या कितीतरी कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

आता पीक कर्ज. ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं, तर केंद्राची ३ टक्के सूट आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. फुकट मिळालेला पैसा थकवायला निघालात! थकलात की बँकेचा नेहमीचा दर. अकरा टक्के धरला तरी वर्षाला सतरा-अठरा हजार. शिवाय नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं कर्ज, होणार नाही, जूनमध्ये बियाण्याला सावकार गाठावा लागेल, तो शेकडा तीनने देतो, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. सिबिल बिघडलं की स्टुडिओसाठी मुद्रा कर्जही विसरा.

माफी येतच नाही असं मी म्हणत नाही. २०१७ला आली, २०१९ला आली, थकवणाऱ्यांना फायदाही झाला. पण २०१९च्या योजनेत ३० सप्टेंबर २०१९ला थकीत असलेलं आणि २ लाखांपर्यंतचंच कर्ज बसलं. तारीख आणि मर्यादा सरकार मागाहून ठरवतं, त्यात आपण बसूच हे कोणी सांगावं? नियमित भरणाऱ्यांनाही त्याच योजनेत ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं, उशिरा का होईना २०२२मध्ये मिळालं.

तेव्हा पॉलिसीचे सुमारे ६० हजार आणि खात्यातले १ लाख ३० हजार, एकूण १ लाख ९० हजार. त्यातून पीक कर्ज भरा. विम्याचे पैसे यायला वेळ लागला तर कमी पडणारे ३० हजार कोणाकडून हातउसने घ्या, पण मुदत चुकवू नका. शेवटी ३० हजार उरतात.

दुकानदाराचे २४ टीबी मात्र होत नाहीत. एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्क एकत्र जोडायची नेहमीची पद्धत म्हणजे रेड-५. तीत प्रत्येक डिस्क सगळ्यात लहान डिस्कएवढीच मोजली जाते आणि एकीची जागा सुरक्षेत जाते. तीन चोक बारा. ४ टीबीच्याच दोन टाकल्या तरी बाराच! लहान-मोठ्या डिस्क सांभाळणारा, सिनॉलॉजीच्या एसएचआरसारखा प्रकार तुमच्या पेटीत असेल तर सोळा. चोवीस हवेत तर सुरक्षाच काढावी लागेल.

लग्नाचं दोनशे जीबी धरलं तर ४ टीबीत वीस लग्नं. वाढवून कुठवर पुरणार? बिलावर छापा : अल्बम नेल्यापासून सहा महिन्यांनी कच्चं शूटिंग पुसलं जाईल. तुमच्या ३०० रुपयांचं म्हणाल, तर जी मंडळी अल्बमचीच बाकी सहा-सहा महिने देत नाहीत, ती डेटाचं भाडं देतील?

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडून फाईल उडाली की दुसरीकडूनही उडते, आणि वीज पडली तर अख्खी पेटीच जाते. उरलेल्या ३० हजारांतून आत्ता एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्या, महत्त्वाचं त्यात उतरवून दुसऱ्या घरी ठेवा. यूपीएस नसेल तर तोही घ्या. आपल्याकडची लाईट पाहता मिररचं रेड-५ करताना तो लागणारच, काम तासन्‌तास चालतं.

बिनव्याजी हप्त्यात रोखीची सूट जाते, वर प्रक्रिया शुल्क. मे महिन्यात लग्नसराईची बाकी वसूल झाली आणि तरीही जागा कमीच पडत असेल, तर ४ टीबीच्या दोन डिस्क रोखीने घ्या. त्या सीएमआर प्रकारच्या आहेत हे बिलावर लिहून घ्या, कारण दुसऱ्या, एसएमआर प्रकारची डिस्क डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिते आणि रेड नव्याने बांधताना फार रखडते.